एक बावखल, अकरा ठसे



वसईतल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचा आणि रविवारी कागद-पाट घेऊन स्वतःसाठी निसर्गचित्रं काढायला बाहेर पडायचं, असा माझा क्रम होता. किल्ल्याचे दरवाजे, नायगावची मिठागरं, अर्नाळ्याच्या होड्या, केळीच्या बागा, विहिरींवरचे रहाट असं सगळं मी जलरंगात काढलं. त्यामुळे आज मी जपानी निसर्गचित्रांवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. वसईच्या ड्रॉइंग मास्तरचा जपानशी काय संबंध?

संबंध जुळला तो एका कॅलेंडरमुळे. १९९८ च्या डिसेंबरात, परदेशी नोकरीला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला ते टपालानं पाठवलं. बारा महिने, बारा देखावे. बर्फातली देवळं, तळ्यातलं चांदणं, शिडाच्या होड्या. पानं उलटता उलटता एका पानावर माझा हात थांबला. तिथला कातळ जपानमधला नव्हता. ते आपलं वेरूळ होतं, कैलास लेणं!

त्या कातळाशी माझी ओळख होती. १९८७ साली शाळेच्या सहलीबरोबर मी वेरूळला गेलो होतो आणि मुलं डबे खात असताना दोन तास तो दगड रंगवत बसलो होतो. दमछाक झाली होती. बर्न्ट सिएना थोडा जास्त झाला की दगड विटेसारखा दिसतो, पेन्स ग्रे जास्त झाला की त्याच्यातला जीव जातो. आणि इथे कुणा जपानी माणसाला तो नेमका साधला होता. रंग पातळ, पारदर्शक, एकातून दुसऱ्यात हलकेच उतरणारे. मी सौ.ला हाक मारून म्हटलं, "बघ, याला म्हणतात जलरंग."

खात्री करावी म्हणून भिंग लावून पाहिलं, तर कॅलेंडर छापणाऱ्या यंत्राचे ठिपके तेवढे दिसले. शेवटी विद्यार्थ्याला पत्र टाकलं. महिन्याभरानं उत्तर आलं : "सर, ते जलरंग नाहीत. लाकडाच्या फळ्या कोरून, एकावर एक ठसे मारून छापलेलं चित्र आहे. चित्रकाराचं नाव हिरोशी योशिदा."

खरं सांगतो, मला ते पटलं नाही. ठसा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे साडीच्या काठावरची कुयरी यायची. एकाच रंगाची, ठसठशीत कडांची. ठशातून धुकं कसं येईल? कातळावरचं ऊन कसं येईल? ते शोधता शोधता मला जी गोष्ट कळली, ती आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी कृती सांगतो. जपानी पद्धतीत चित्रकार पातळ कागदावर रेघांचं चित्र काढतो. कोरणारा ते कागद उलटा करून चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवतो आणि कागदासकट लाकूड कोरतो. रेघ तेवढी उंच राहते, बाकीचं खोल जातं. म्हणजे मूळ रेखाटन कोरतानाच नष्ट होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे. मग त्या पहिल्या फळीवरून काही प्रती काढतात, चित्रकार त्यांवर कुठे कोणता रंग हवा ते दाखवतो, आणि दर रंगासाठी निराळी फळी कोरली जाते.

छापणारा फळीवर ब्रशनं रंग पसरतो. तो आपल्या छापखान्यातल्यासारखा तेलाचा चिकट रंग नसतो. पाण्यात कालवलेला रंग असतो आणि त्यात तांदळाची थोडी खळ असते. हो, आपण कपड्यांना घालायचो किंवा पतंग चिकटवायला वापरायचो, तशीच खळ. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला असतो आणि तो आधी ओलसर करून ठेवतात. तो फळीवर ठेवून पाठीमागून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल चकतीनं घासायचा. त्या चकतीला बारेन म्हणतात. यंत्र नाही, दाब नाही, सगळं हातानं. फळीच्या कोपऱ्यात दोन खाचा असतात. प्रत्येक वेळी कागद त्या खाचांना भिडवला की दहावा रंगसुद्धा पहिल्या रंगावर अचूक बसतो.

आणि धुकं? ते येतं पाण्यातून. फळी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, एका कडेला रंग लावायचा आणि ब्रशनं ओढत ओढत तो विरवत न्यायचा. याला बोकाशी म्हणतात. आपण जलरंगात आकाशाचा वॉश देतो, वर गडद आणि क्षितिजाकडे फिका, तेच काम इथे लाकडावर होतं. फरक इतकाच, की आपण वॉश एकदा देतो आणि सुटतो. छापणाऱ्याला तो प्रत्येक प्रतीसाठी नव्यानं द्यावा लागतो. शंभर प्रती असतील तर शंभर वेळा.

म्हणजे जलरंग आणि हे ठसाचित्र ही सख्खी नसली तरी मावसभावंडं आहेत. दोघांच्याही घरात पाणी, दोघांच्याही अंगात कागदाचा पांढरेपणा. मी कॅलेंडर पाहून फसलो, त्यात माझी एकट्याची चूक नव्हती!

आता थोडा इतिहास. होकुसाई आणि हिरोशिगे या दोघांनी १८३० च्या आसपास जपानमध्ये निसर्गदृश्यांची ठसाचित्रं लोकप्रिय केली. फुजी पर्वताची दृश्यं, तोकाइदो रस्त्यावरचे मुक्काम, पावसातले पूल. त्यांच्या चित्रांतला तो खोल निळा रंग मूळचा जपानी नव्हे. तो युरोपातून आलेला प्रशियन ब्लू. ही चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती, बाजारात साध्या माणसालाही परवडतील अशी होती. पुढे ती युरोपात पोहोचली आणि व्हॅन गॉगसारख्या चित्रकारानं १८८७ मध्ये हिरोशिगेच्या ठशांवरून तैलचित्रं केली.

पण त्याच सुमाराला खुद्द जपानमध्ये ठशांचा धंदा उतरणीला लागला होता. छायाचित्रं आली, यंत्रावरची छपाई आली. तरुण चित्रकारांना ओढ लागली पाश्चात्त्य चित्रकलेची, विशेषतः इंग्रजी जलरंगांची. अल्फ्रेड ईस्ट हा इंग्रज निसर्गचित्रकार १८८९ मध्ये आणि अल्फ्रेड पार्सन्स १८९२ मध्ये जपानला जाऊन आला. त्यांची कामं पाहून तिथली तरुण मुलं वेडावली. मियाके कोक्की आणि ओशिता तोजिरो ही त्यांतली ठळक नावं. ओशितानं १९०१ मध्ये जलरंगांवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि १९०५ मध्ये जलरंगांसाठी मासिक काढलं. हौशी माणसं रंगपेटी घेऊन डोंगरात जाऊ लागली.

हे वाचताना मला आपल्या मुंबईची आठवण झाली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथेही इंग्रज शिक्षक आणि इंग्रजी पद्धतीचे जलरंग. त्यातूनच आपल्याकडे परांडेकर, हळदणकर यांच्यासारखे जलरंगातले मोठे चित्रकार तयार झाले. म्हणजे एकाच झऱ्याचं पाणी दोन्हीकडे गेलं, इथे आणि तिथे. मग आपल्याकडे जलरंगातून ठसाचित्रं का निघाली नाहीत?

माझं उत्तर असं आहे. आपल्याकडे चित्रांच्या छपाईला वेगळी वाट मिळाली होती. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोहोचल्या, पण त्या शिळाछापावरून, तेलाच्या रंगांत, तैलचित्रांसारख्या दिसणाऱ्या. ते काम वेगळ्या तऱ्हेचं. जलरंग मात्र प्रदर्शनापुरता आणि एकेका घराच्या भिंतीपुरता राहिला. उलट जपानमध्ये धंदा बसला होता तरी कोरणारे आणि छापणारे कारागीर अजून हयात होते. पाण्याचा रंग फळीवर कसा खेळवायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. जलरंगाला तिथे आयतं घर मिळालं.

ते घर मिळवून देणारा माणूस म्हणजे तोक्योचा प्रकाशक वातानाबे शोझाबुरो. त्यानं जुन्या कारागिरांना हाताशी धरलं आणि नव्या चित्रकारांना गाठलं. कावासे हासुई हा त्यांतला एक. तो गावोगाव हिंडायचा, जागेवर रेखाटनं करून त्यांना जलरंग द्यायचा आणि त्यावरून वातानाबेकडे ठसे तयार व्हायचे. दुसरा आपला हिरोशी योशिदा. जन्म १८७६ चा, चित्रकलेच्या मास्तराच्या घरी दत्तक गेलेला. मास्तराच्या घरी म्हटल्यावर मला तो आणखीच जवळचा वाटला! विशी ओलांडली तेव्हा, १८९९ मध्ये, तो एका मित्राबरोबर जलरंगांचं बाड घेऊन अमेरिकेला गेला. डेट्रॉइट आणि बॉस्टनमध्ये त्यांची प्रदर्शनं झाली, चित्रं विकली गेली. ठशांकडे तो वळला १९२० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तोवर तो जलरंग आणि तैलरंगांचा नामवंत चित्रकार झाला होता.

आणि मग आला १ सप्टेंबर १९२३ चा दिवस. दुपारी बाराच्या सुमाराला तोक्यो-योकोहामा परिसरात प्रचंड भूकंप झाला, आणि भूकंपापेक्षा मोठी हानी मागून लागलेल्या आगींनी केली. वातानाबेचं दुकान जळालं. योशिदाच्या फळ्या आणि शिलकी ठसाचित्रं गेली. कावासे हासुईचं घर गेलं आणि घराबरोबर त्याच्या रेखाटनांच्या १८८ वह्या गेल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी! पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मी नुसता हळहळलो होतो. त्याचा खरा अर्थ मला पुढे वीस वर्षांनी कळला.

त्याच आगीत आपलंही काही गेलं. आराई काम्पो नावाच्या जपानी चित्रकाराला रवींद्रनाथ टागोरांनी जपानी चित्रतंत्र शिकवण्यासाठी कलकत्त्याला बोलावलं होतं. १९१६ ते १९१८ या त्याच्या भारतातल्या मुक्कामात त्यानं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला जपानी कागदावर उतरवल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ मध्ये त्याही नष्ट झाल्या.

अजिंठ्याच्या नकलांना जणू शापच होता. मेजर रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. मग जे. जे. च्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्यानं काम केलं, तर त्यांतल्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. आणि तिसऱ्या वेळी तोक्यो. कोल्हापूरकर आबालाल रहिमान यांचीही अशीच एक आठवण सांगतात. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी दुःखावेगात आपली असंख्य चित्रं तळ्यात सोडून दिली म्हणे. आग असो की पाणी, एकच प्रत असलेली वस्तू गेली की गेली.

भूकंपानंतर योशिदानं काय केलं? तो उरलीसुरली चित्रं आणि बाहेर राहिलेली ठसाचित्रं घेऊन पुन्हा अमेरिकेला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं, की लोकांची ओढ ठशांकडे अधिक आहे. १९२५ मध्ये परत आल्यावर त्यानं स्वतःची कार्यशाळा काढली. प्रकाशक नको. कोरणारे आणि छापणारे आपल्याच देखरेखीखाली. चित्राच्या समासात तो एक छोटा शिक्का मारू लागला, 'जिझुरी', म्हणजे स्वतः छापलेलं. जुन्या काळी एका चित्राला दहा-पंधरा ठसे पुरत. योशिदानं काही चित्रांना नव्वदहून अधिक वेळा छाप दिली. का? जलरंगातली हवा त्याला लाकडातून हवी होती, म्हणून.

१९२६ मध्ये त्यानं शिडाच्या होड्यांचं एक चित्र केलं. फळ्या त्याच, पण रंग बदलून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या वेळा. होडी एक, पाणी एक, फक्त उजेड वेगळा. निसर्गचित्रकाराला यापलीकडे काय हवं असतं हो?

आणि १९३० च्या अखेरीस तो आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, तोशीला, घेऊन भारतात आला. काशी, आग्रा, उदयपूर, अमृतसर, मदुरा, दार्जिलिंग, आणि आपलं अजिंठा-वेरूळ. परतल्यावर १९३१-३२ मध्ये त्यावर ठसाचित्रांची मालिका निघाली. ताजमहालाचंही त्यानं होड्यांसारखंच केलं, कधी धुक्यातला, कधी चांदण्यातला. माझ्या कॅलेंडरमधलं वेरूळ त्याच मालिकेतलं. म्हणजे बघा, इंग्रजी जलरंग जपानला गेले, तिथे जुन्या ठशांच्या हाती सापडले, आणि फिरून वेरूळच्या कातळापाशी आले. ज्या कातळापुढे मी रंगपेटी घेऊन घाम गाळत बसलो होतो, तिथे हा माणूस माझ्याआधी छप्पन्न-सत्तावन्न वर्षं येऊन गेला होता.

२००४ मध्ये मी निवृत्त झालो आणि ठसे कोरायला बसलो. चेरीचं लाकूड कुठून आणणार? सुतारानं शिवणीच्या फळ्या तासून दिल्या. बारेनऐवजी लाकडी डावाची पाठ. खळ घरचीच. पहिली दोन वर्षं नुसते डाग पडले. मग एक गंमत ध्यानात आली. पावसाळ्यात आपल्याकडे जलरंग काढणं म्हणजे शिक्षा. वॉश वाळत नाही, कागदाला बुरशी धरते. पण ठशाला कागद ओलसरच लागतो. वसईची जी दमट हवा जन्मभर माझी वैरी होती, ती म्हातारपणी कामाला आली.

आमच्या घरामागे एक बावखल होतं. वसईबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या पूर्वजांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. त्यावर केळी जगायची, पानवेली जगायच्या. त्या बावखलाभोवती अकरा घरं होती. १९९१ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी त्याचं जलरंगात चित्र केलं होतं. माझं त्यातल्या त्यात जमलेलं चित्र. २००९ मध्ये कानावर आलं, की बावखल बुजवलं जाणार. कोण, का, कसं, ते आता उगाळत नाही. मला करता येण्यासारखं एकच होतं. त्या जलरंगावरून मी सहा फळ्या कोरल्या आणि अकरा प्रती छापून अकरा घरांत वाटल्या. पुढच्या वर्षी बावखल बुजलं.

आणि जुलै २०१८ मध्ये वसई बुडाली. तुमच्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांत माणसं अडकलेली. आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी. माझी चित्रं खाटेखालच्या लोखंडी ट्रंकेत होती. पाणी चढलं ते रात्री, अंधारात. आम्ही दोघं म्हातारी माणसं. आधी गॅसचा सिलिंडर, औषधं आणि तांदूळ वर चढवले. ट्रंक आठवली तेव्हा ती बुडालेली होती.

तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. जलरंग पाण्यात पाणी होऊन जातो, हे मी मुलांना एकतीस वर्षं सांगत होतो. डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी. कागद एकमेकांना चिकटून लगदा झाला होता आणि सगळ्या लगद्याला एकच रंग होता, करडा. किल्ला, होड्या, मिठागरं, वेरूळचा तो दगड, सगळ्याचा मिळून एक रंग. तेव्हा हासुईच्या त्या १८८ वह्या मला कळल्या. आणि एक विचार डोक्यातून जाईना : पूर्वी हे पाणी बावखलात जायचं. त्याची जागा आपण बुजवली, म्हणून ते माझ्या खाटेखाली आलं.

महिनाभर मी ब्रशला हात लावला नाही. मग एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, ती अकरा चित्रं आहेत ना लोकांकडे?" मी घरोघर फिरलो. एक घर पाडून इमारत झाली होती, तिथली प्रत कुणाला ठाऊक नव्हती. एक कुटुंब परदेशी गेलं होतं. एक प्रत माझ्या चित्रांसारखीच पुरात गेली. आठ सापडल्या, भिंतीवर, काचेच्या चौकटीत. म्हणजे जे माझ्याकडे राहिलं नाही, ते शेजाऱ्यांकडे राहिलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी घरी येऊन ठशांची थोरवी गायला लागलो. जलरंग एकटा असतो, ठसा गोतावळ्यात राहतो, वगैरे वगैरे.

पण श्रोतेहो, गोष्ट इथे संपत नाही. आठव्या घरातल्या आजींनी मला बसवलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? नऊ वर्षं विचारीन विचारीन म्हणते. चित्र चांगलं आहे, पण आमची पायरी कुठे गेली?"

बावखलाच्या उत्तरेला दगडाची एक पायरी होती. आजी लग्न होऊन आल्या त्या पहिल्या दिवशी सासूनं त्यांना त्या पायरीवर भांडी घासायला बसवलं होतं. सासू तिथे बसायची, मग या बसल्या, मग यांची सून. १९९१ च्या माझ्या जलरंगात ती पायरी होती. तपकिरी रंगाचे दोन ओले फटकारे. ठसा कोरताना मात्र मी ती गाळली होती. एवढ्याशा दगडासाठी आणखी एक फळी कोण कोरणार? चित्र साधं हवं, मोकळं हवं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

ठसा निवडायला लावतो, हे त्याचं बळ. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे फळीपुढे बसल्यावर ठरवावंच लागतं. जलरंगात ब्रशाच्या ओघात पुष्कळ गोष्टी आपल्या नकळत येऊन बसतात. पण मी निवडलं ते माझ्या सोयीनं, आणि जिच्यासाठी चित्र केलं तिचीच जागा काढून टाकली. जलरंगात ती होती, पण जलरंग लगदा झाला होता. आता ती कुठेच नव्हती, आजींच्या आठवणीखेरीज. मूळ रेखाटन कोरतानाच नष्ट होतं, असं मी सुरुवातीला म्हटलं ना, त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. कोरण्याआधी दहादा विचार करा, कारण मागे फिरायला कागद उरत नाही.

फळ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या होत्या. एकदा कोरून काढलेलं लाकूड परत येत नाही, पण सुतारकामात जोड देता येते. सुताराकडून तपकिरी रंगाच्या फळीत तेवढा भाग काढून शिवणीचा नवा तुकडा पक्का बसवून घेतला. मग फळी, पटाशी आणि दिव्याचं सामान घेऊन आजींच्या ओटीवर जाऊन बसलो. त्या सांगत गेल्या, मी कोरत गेलो. पायरी किती रुंद, पाण्यापासून किती वर, कुठे शेवाळ. पहिला छाप काढून दाखवला.

आजींनी तो उजेडात धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "पायरीचा डावा कोपरा फुटका होता, मास्तर. माझ्या सासूचा हंडा पडून फुटला होता."

मी पटाशी उचलली आणि डावा कोपरा उडवला. नंतर तीस प्रती छापल्या. पहिली आजींना दिली.

तुमच्या घरात एखाद्या जागेचं, एखाद्या माणसाचं एकुलतं एक चित्र किंवा एकुलता एक फोटो असेल, तर त्याच्या चार प्रती करा आणि चार घरांत ठेवा. आणि प्रत काढण्याआधी, त्या जागेवर ज्याचं आयुष्य गेलं त्याला एकदा दाखवून घ्या.